निर्गुडीचा शेक प्रयोगशाळेच्या दारात

हदगाव तालुक्यात पैनगंगेच्या काठाने, ओढ्याच्या कडेला, शेताच्या बांधावर निर्गुडी दिसते. शेळ्या-गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणालाही ती चालते. एका देठावर तीन किंवा पाच पानं, वरून हिरवी, खालून पांढुरकी. चुरगाळली की उग्र वास येतो. हळद काढणीच्या दिवसांत कंबर धरली, गुडघे सुजले की हाच पाला तव्यावर गरम करून फडक्यात बांधायचा, ही घराघरांतली रीत. बाळंतिणीच्या आंघोळीच्या पाण्यातही तो पडतो. गुण येतो असं सांगणाऱ्या बाया खरंच सांगतात. तो गुण पाल्याचा, उष्णतेचा, की शेकाच्या निमित्ताने मिळालेल्या घटकाभराच्या विसाव्याचा, हे मात्र तपासूनच कळेल.

तपासायची पद्धत ठरलेली आहे. 1962 साली विंटर, रिस्ली आणि नस या संशोधकांनी ती मांडली. कॅराजीनन नावाचा पदार्थ लाल समुद्री शेवाळातून काढतात. त्याचं थोडं द्रावण उंदराच्या मागच्या पंजात टोचलं की काही तासांत पंजा सुजतो. सूज मोजायची युक्ती साधी आहे: भरल्या तांब्यात हात घातला की जेवढं पाणी बाहेर सांडतं, तेवढं हाताचं आकारमान. पंजा खुणेपर्यंत द्रवात बुडवून दर तासाला हेच मोजतात. एका गटाला पानांचा अर्क, दुसऱ्याला इंडोमेथासिन किंवा डायक्लोफिनॅकसारखं माहितीतलं औषध, तिसऱ्याला औषध नसलेलं नुसतं द्रावण. हा तिसरा गट नसेल तर बाकी आकड्यांना अर्थ राहत नाही.

ही सूज दोन टप्प्यांत चढते, आणि मला या प्रयोगातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. सुरुवातीला हिस्टामिन आणि सेरोटोनिन ही रसायनं काम करतात. पुढच्या तासांत सूत्रं प्रोस्टाग्लँडिनच्या हाती जातात. म्हणून सूज किती उतरली एवढंच पाहायचं नसतं, ती कोणत्या तासाला उतरली तेही पाहायचं. त्यावरून औषध कुठे अडवणूक करतंय याचा माग लागतो. ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनची निर्मितीच रोखतं, हे जॉन वेन यांनी 1971 मध्ये दाखवलं. 1982 च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

वेदनेची चाचणी वेगळी. उंदराला सुमारे 55 अंश तापलेल्या पत्र्यावर ठेवून तो पंजा चाटायला किंवा उडी मारायला किती सेकंद घेतो ते पाहतात, आणि इजा होण्याआधी उचलतात. जिवाला त्रास देणारं हे काम आहे. त्यामुळे संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आणि कमीत कमी प्राणी वापरण्याचं बंधन हवंच.

निर्गुडी या परीक्षेला अनेकदा बसली आहे. तेलंग, चॅटर्जी आणि वार्ष्णेय यांनी तिच्या वेदनाशामक व सूजनाशक गुणांवरचं काम 1999 मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ फार्माकॉलॉजी’त छापलं. श्रीलंकेत धर्मसिरी आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये पक्व, ताज्या पानांचा पाण्यातला अर्क उंदरांना तोंडावाटे दिला. सूज आणि वेदना कमी झाल्या. प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखली जाते आणि हिस्टामिनलाही अटकाव होतो, असं त्यांना आढळलं. पुढे 2006 मध्ये टंडन आणि गुप्ता यांनी दाखवलं की एरवी अपुरी ठरणारी अर्काची मात्रा आयबुप्रोफेनसारख्या औषधाबरोबर दिली तर त्या औषधाचा जोर वाढतो.

या शेवटच्या निष्कर्षाकडे आपल्या भागात फार लक्ष द्यायला हवं. दुखण्याची गोळी रोज घेणारी माणसं गावोगावी आहेत. गोळीचा जोर वाढतो म्हणून ती कमी घेता येईल, ही आशा आहे. पण त्याच गोळ्या पोटात व्रण करतात, मूत्रपिंडांवर ताण आणतात. म्हणून डॉक्टरांना न सांगता गोळीवर निर्गुडीचा काढा पिऊ नये. शेक आणि काढा या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आणि नेमकी इथेच संशोधनाची वाट गावाच्या वाटेपासून फुटते. प्रयोगशाळेत अर्क पोटात जातो. हदगावात गरम पाला गुडघ्यावर बसतो. पानातले निगुंडोसाइड, ॲग्नुसाइड, कॅस्टिसिन हे घटक कातडीतून सांध्यापर्यंत पुरेसे उतरतात का, याचं उत्तर तोंडावाटे दिलेल्या अर्कातून मिळत नाही. लोक जे करतात तेच तपासायचं तर गुडघेदुखीचे रुग्ण घेऊन, त्यांच्या संमतीने, चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे लागतील: एकाला निर्गुडीचा शेक, दुसऱ्याला तितक्याच उष्णतेचा, तितकाच वेळ नुसत्या ओल्या फडक्याचा. अशी चाचणी सुरू करण्याआधीच तिची नोंद भारतीय क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत करावी लागते. अडचण वासाची आहे. फडक्यात निर्गुडी आहे हे रुग्णाला क्षणात कळेल. त्याच्यापासून ते लपणार नसेल, तर गुडघा किती वाकतो आणि रुग्ण किती वेळात किती चालतो हे मोजणाऱ्यापासून तरी लपवता येईल. त्यासाठी मोजणारा माणूस वेगळ्या खोलीत बसवायचा, आणि शेकानंतर गुडघे धुऊन मगच रुग्णाला त्याच्याकडे पाठवायचं.