मानसोपचाराच्या परीक्षेची तयारी

गेल्या उन्हाळ्यात आमची एक माजी विद्यार्थिनी कॅम्पातील आमच्या घरी आली. ती डॉक्टरीचे शिक्षण घेत आहे. मानसोपचार विभागातील तिची पाळी संपत आली होती व परीक्षा आठ दिवसांवर होती. "सर, मला मराठी म्हणी शिकवा," असे ती म्हणाली तेव्हा आम्हांस हसू आले. पण कारण ऐकल्यावर ते मावळले. पुढे तिच्याकडून व पुस्तकांतून जे आम्हांस समजले, ते आपल्या ट्रस्टच्या सभासदांपुढे ठेवीत आहोत. कारण आज आपल्याही घरांतून डॉक्टर होऊ इच्छिणारी मुले-मुली आहेत.

बेळगावात १९६३ साली जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज निघाले. आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पदवीच्या अंतिम परीक्षेत मानसोपचाराचा विषय स्वतंत्र नसून जनरल मेडिसिनमध्येच येतो. साहजिकच काही विद्यार्थी त्याकडे दुर्लक्ष करतात. परंतु वॉर्डातील परीक्षेत रुग्णासमोर बसून त्याची 'केस' घ्यावी लागते आणि ती परीक्षकांपुढे मांडावी लागते. तेथे नुसते पाठांतर उपयोगी पडत नाही. हाड मोडले तर एक्स-रे सांगतो. येथे मुख्य साधन म्हणजे आपले कान.

तयारीचा क्रम असा. प्रथम रुग्णाची तक्रार त्याच्याच शब्दांत, ती किती दिवसांची आहे यासह, लिहावी. 'निद्रानाश' असे न लिहिता 'दोन महिने झाले, पहाटे तीनला जाग येते नि जीव घाबरतो' असे लिहावे. मग घरच्या माणसाची हकीकत घेऊन ती ताडून पाहावी. त्यानंतर मनःस्थितीची तपासणी: राहणी व वागणूक, बोलणे, भावना, विचार, भास, लक्ष, स्मरणशक्ती, सारासार विवेक, आणि शेवटी आपण आजारी आहोत याची रुग्णास असलेली जाण. लक्ष पाहण्यासाठी १०० मधून ७ वजा करीत जावयास सांगतात: ९३, ८६, ७९. ज्याने शाळा पाहिली नाही त्याला हे विचारणे अन्यायाचे होय; त्याला वार उलट क्रमाने म्हणावयास सांगावे.

आता म्हणींविषयी. 'नाचता येईना अंगण वाकडे' याचा अर्थ विचारला असता जो केवळ अंगणाच्या वाकडेपणाविषयीच बोलतो, त्याची शब्दांमागचा अर्थ पकडण्याची शक्ती उणावली असावी, असा तर्क करतात. पण म्हण रुग्णाच्या भाषेतील असली पाहिजे. आमच्या विद्यार्थिनीच्या घरी दखनी, कॉलेजात इंग्रजी. निपाणीची विडी कामगार बाई मराठीत बोलणार, तर बैलहोंगलचा शेतकरी कन्नडमध्ये. ज्याने म्हण कधी ऐकलीच नाही, तो निरोगी असूनही रोगी ठरावयाचा!

याच कारणास्तव भ्रम कशास म्हणावे हेही नीट समजून घ्यावे. पुरावा दाखविला तरी न ढळणारी, आणि रुग्णाच्या समाजात कोणी न मानणारी खोटी समजूत, तो भ्रम. घरातील सर्वच माणसे जिन किंवा भानामती मानीत असतील, तर तेवढ्यावरून एकट्या रुग्णास वेडा ठरविता येत नाही. तथापि बाधा समजून औषध टाळणे घातक आहे. तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण मृत्यू पावले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णास साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. हा कायदाही विद्यार्थ्यास ठाऊक असावा.

मुदती मात्र पाठच कराव्यात. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार नैराश्यासाठी लक्षणे किमान दोन आठवडे, उन्मादासाठी साधारण एक आठवडा आणि स्किझोफ्रेनियासाठी एक महिना असावी लागतात. एकाएकी भान हरपले, तर ताप, दारू सुटणे यांसारखे शारीरिक कारण आधी शोधावे. आणि आत्महत्येचा विचार मनात येतो का, हे रुग्णास स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो ही समजूत चुकीची आहे. उलट मन हलके होते. उत्तर होकारार्थी आले, तर रुग्णास एकटे न सोडता वरिष्ठ डॉक्टरांना तत्काळ कळवावे.

पालकांनाही दोन शब्द. असा आजार आपल्याही घरी येऊ शकतो. सोयरीक मोडेल या भीतीने तो लपवू नये. सरकारची 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते.

परीक्षेनंतर ती मुलगी पुन्हा भेटली. "रुग्ण कोण होता? काय झाले होते त्याला?" आम्ही उत्सुकतेने विचारले. "ते सांगता येत नाही, सर," ती नम्रपणे म्हणाली. निकाल अजून लागावयाचा होता. पण आमच्या लेखी ती तेव्हाच उत्तीर्ण झाली.