दिवा प्रखर नव्हे, चपळ हवा

डाय लेसर, म्हणजे रंगद्रव्याच्या द्रावणावर चालणारा लेसर, 1966 साली अवतरला. पुढच्याच वर्षी तो फ्लॅशलॅम्पवर चालू लागला. दिव्याची कार्यक्षमता म्हणजे जास्त उजेड, हा समज इथे फसतो. रोडामिन 6जी या रंगद्रव्याचे उत्तेजित रेणू सुमारे 4 नॅनोसेकंदांत खाली येतात. काही मात्र ‘ट्रिप्लेट’ अवस्थेत अडकतात आणि लेसरचाच प्रकाश गिळू लागतात. म्हणून दिव्याचा झोत मायक्रोसेकंदाच्या आसपास शिगेला पोचायला हवा. त्यासाठी कपॅसिटर दिव्याला खेटून बसवतात, जोडपट्ट्या आखूड आणि रुंद ठेवतात. सगळी धडपड विद्युतप्रवाहाची वाढ मंदावणारा इंडक्टन्स कमी करण्याची. शिवाय दिव्यातल्या झेनॉन वायूचा प्रकाश अतिनीलापासून अवरक्तापर्यंत पसरलेला, आणि रोडामिनला हवा मुख्यतः 530 नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा. उरलेल्यातला बराचसा नुसताच ताप.

मग दिव्याच्या नादी लागावेच कशाला? ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने तांब्याच्या वाफेच्या लेसरवर डाय लेसर चालवले, कारण तांब्याच्या लेसरचा 510.6 नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश रोडामिनला चांगला मानवतो. सेकंदाला हजारो स्पंद हवे असतील तर हाच मार्ग योग्य. पण एकेका स्पंदात भरपूर ऊर्जा हवी असेल, तर दिवाच परवडतो. ट्रिप्लेट विझवणारे रसायन द्रावणात मिसळले की वेळेची घाईही सैलावते. जन्मजात लालसर डागांवर त्वचारोगतज्ज्ञ वापरतात तो 595 नॅनोमीटरचा डाय लेसर आजही फ्लॅशलॅम्पवरच चालतो.