सेंद्रिय शेतीचा प्रसार विकिपीडियावरून होऊ शकतो का?

ठाण्यात किंवा डोंबिवलीत भाजी-तांदूळ घ्यायला गेलात, की 'सेंद्रिय', 'नैसर्गिक', 'गावठी', 'विषमुक्त' असे शब्द सर्रास दिसतात. प्रत्येक शब्दामागे किलोला चार पैसे जास्त मोजावे लागतात. या शब्दांचा नेमका अर्थ काय, हे मात्र विकणाऱ्यालाही अनेकदा सांगता येत नाही. दुसऱ्या टोकाला मुरबाड किंवा शहापूर तालुक्यातला एखादा शेतकरी खरोखरच शेणखतावर भात पिकवत असतो. तो भात वेगळा म्हणून विकायचा तर त्याच्याकडेही दाखवायला फक्त तोच एक शब्द असतो. खऱ्या आणि खोट्या मालावर एकच पाटी लागली, की नुकसान खरा माल पिकवणाऱ्याचे होते.

म्हणूनच मराठी विकिपीडियावरून सेंद्रिय शेतीचा प्रचार करावा, अशी कल्पना अनेकांना सुचते. १ मे २००३ रोजी सुरू झालेला हा ज्ञानकोश मोफत आहे आणि त्यात कोणालाही भर घालता येते. पण या ज्ञानकोशाच्या नियमांत प्रचाराला जागा नाही. मग सेंद्रिय शेतीला त्याचा उपयोग काय?

'सेंद्रिय' म्हणजे नेमके काय?

सर्वसाधारण अर्थ असा, की रासायनिक खते व कीटकनाशके टाळून शेणखत, कंपोस्ट, हिरवळीची खते, पिकांची फेरपालट यांवर जमिनीचा कस टिकवणारी शेती. पण बाजारात 'सेंद्रिय' म्हणून विकण्यासाठी एवढे पुरत नाही. भारतात प्रमाणनाचे दोन मुख्य मार्ग आहेत.

पहिला मार्ग राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचा. तो २००१ पासून चालू आहे. यात मान्यताप्राप्त त्रयस्थ संस्था शेताची तपासणी करते. रासायनिक शेतीतून बाहेर पडताना मधला रूपांतरकाळही धरावा लागतो. हंगामी पिकांना तो साधारण दोन वर्षे आणि फळबागेसारख्या बहुवर्षीय पिकांना तीन वर्षे असतो.

दुसरा मार्ग 'पीजीएस-इंडिया' या सहभाग हमी पद्धतीचा. यात एकाच किंवा शेजारच्या गावांतले किमान पाच शेतकरी गट करतात आणि एकमेकांच्या शेतांची पाहणी करून हमी देतात. खर्च कमी असल्याने लहान शेतकऱ्याला हा मार्ग जवळचा वाटतो.

ग्राहकाच्या बाजूने अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१७ मध्ये 'जैविक भारत' हे चिन्ह आणले. वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेला लहान उत्पादक थेट ग्राहकाला माल विकत असेल, तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. मात्र हे चिन्ह त्याला वापरता येत नाही. म्हणजे सोसायटीच्या दारात येऊन तांदूळ विकणाऱ्या शेतकऱ्याकडे चिन्ह नाही, एवढ्यावरून तो फसवतो आहे असे ठरत नाही. उलट दुकानातल्या पाकिटावर 'ऑरगॅनिक' छापले आहे आणि चिन्ह नाही, तर विचारायला हवे.

एवढी साधी माहिती विकत घेणाऱ्याला आणि पिकवणाऱ्याला एकाच जागी, एकाच भाषेत मिळाली, तरी बाजारातला गोंधळ बराच कमी होईल. ज्ञानकोशाचे काम इथे सुरू होते.

प्रचार का चालत नाही?

विकिपीडियाचे तीन नियम इथे महत्त्वाचे आहेत. लेखन तटस्थ हवे, प्रत्येक महत्त्वाचे विधान प्रकाशित आणि विश्वासार्ह संदर्भावर तपासता यायला हवे, आणि लेखकाने स्वतःचे नवे संशोधन तिथे मांडायचे नाही. 'सेंद्रिय अन्नाने सगळे रोग बरे होतात' असे कोणी लिहिले, तर दुसरा संपादक ते काढून टाकू शकतो किंवा संदर्भ मागू शकतो. सेंद्रिय शेतीत सुरुवातीच्या वर्षांत उत्पादन घटू शकते, मजुरी वाढते, ही बाजूही लेखात यावी लागते.

सेंद्रिय शेतीच्या बाजूने असणाऱ्यांना हे अडचणीचे वाटते. पण विचार करा, जाहिरातीसारखा लेख वाचून ग्राहकाचा विश्वास बसेल का? पाकिटावरच्या पाटीवर विश्वास नाही म्हणून तर तो माहिती शोधायला येतो. तिथेही पाटीच मिळाली, तर तो परत फिरतो. तोटे लपवून न ठेवणारा लेख वाचलेल्या शेतकऱ्याला पहिल्या वर्षी उत्पादन घटले, तरी आपण फसलो असे वाटत नाही. त्याची तयारी असते.

पीजीएसची पद्धत आणि विकिपीडियाची पद्धत यांत एक साम्यही आहे. दोन्हीकडे वरून शिक्का मारणारा एकच साहेब नसतो. शेजाऱ्याने शेजाऱ्याचे काम तपासायचे आणि त्याची नोंद सर्वांना दिसेल अशी ठेवायची, यावर दोन्हींचा डोलारा उभा आहे. विकिपीडियाच्या प्रत्येक लेखाला 'इतिहास' असतो. कोणते वाक्य कधी बदलले आणि कोणत्या खात्यावरून, हे कोणालाही पाहता येते.

आपल्याच भागातली तीन उदाहरणे

तटस्थपणे लिहायचे म्हणजे काय, हे ठाणे जिल्ह्याच्या आसपासच्या उदाहरणांवरून चटकन कळते.

पहिले उदाहरण राबाचे. कोकणात भाताची रोपे तयार करण्याआधी पालापाचोळा, फांद्या, गवत, शेण यांचा थर रचून जमीन भाजण्याची जुनी रीत आहे. यात रसायन काहीच नाही. भाजल्याने तणाचे बी मरते आणि राख मिळते. पण त्यासाठी झाडांच्या फांद्या तुटतात आणि जमिनीत कुजून खत होऊ शकणारा पाला जळून जातो. 'परंपरागत म्हणजे सेंद्रिय आणि सेंद्रिय म्हणजे चांगले' एवढे लिहून चालणार नाही. दोन्ही बाजू द्याव्या लागतील.

दुसरे उदाहरण भाताच्या दोन सुधारित पद्धतींचे. चारसूत्री भातशेतीत भाताचा पेंढा आणि तुसाची राख जमिनीला परत देणे, गिरिपुष्पाचा पाला गाडणे आणि ठरावीक अंतरावर लावणी करणे ही तीन सूत्रे आहेत. चौथे सूत्र मात्र युरिया-डीएपीच्या गोळ्या खोचण्याचे. कल्याणहून कर्जतच्या गाडीने नेरळला गेलात, तर तिथे चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा बागेत 'सगुणा राईस तंत्र' विकसित झाले आहे. त्यात नांगरणी आणि चिखलणी टाळून गादीवाफ्यांवर भात घेतात. मागच्या पिकाची मुळे जमिनीतच राहिल्याने सेंद्रिय कर्ब वाढायला मदत होते. पण तण आवरायला या तंत्रात तणनाशक सांगितलेले आहे. दोन्ही पद्धती जमिनीच्या दृष्टीने विचार करण्याजोग्या आहेत आणि प्रमाणनाच्या अर्थाने दोन्ही सेंद्रिय नाहीत. ही दोन्ही विधाने एकाच परिच्छेदात शेजारी ठेवणारा लेख शेतकऱ्याच्या खरा कामाचा.

तिसरे उदाहरण रुळांकाठच्या भाजीचे. रेल्वेच्या 'ग्रो मोअर फूड' योजनेत मोकळ्या जागेवर भाजीपाला लावायला दिला जात असे. लोकलमधून दिसणारे पालक आणि लाल माठाचे वाफे त्यातलेच. ही भाजी नाल्याच्या पाण्यावर वाढवली जाते, अशा तक्रारी वर्तमानपत्रांत वारंवार आल्या आहेत. समजा अशा वाफ्यात एक चमचाही रासायनिक खत टाकले नाही, तरी ती भाजी सेंद्रिय ठरेल का? नाही. पाणी आणि माती प्रदूषणापासून सुरक्षित असणे हाही सेंद्रिय शेतीचाच भाग आहे.

शेतकऱ्याच्या अनुभवाचे काय?

खरी अडचण इथे आहे. शेतीतले बरेचसे ज्ञान छापलेले नसते. कोणत्या खाचरात कोणता भात लावायचा, कोणत्या झाडाचा पाला किडीवर चालतो, हे माणसांच्या तोंडी असते. विकिपीडिया म्हणतो, छापील आधार द्या. मग ज्याच्याकडे ज्ञान आहे त्यालाच लिहिता येत नाही, अशी अवस्था होते.

यावरची वाट महाराष्ट्राला नवी नाही. गणिताचे अध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' या नावाने शेतकऱ्यांचे जाळे उभे केले होते. प्रत्येकाने आपल्या शेतात प्रयोग करायचा, मोजायचे, टिपून ठेवायचे आणि इतरांना कळवायचे, ही त्याची रीत. सांगली भागातल्या द्राक्षशेतीवर या चळवळीचा मोठा प्रभाव पडला. यातून घेण्याजोगी गोष्ट म्हणजे आधी नोंद, मग प्रसार.

आजही क्रम तोच ठेवावा लागेल. अनुभव आधी कुठेतरी प्रकाशित व्हावा: कृषी महाविद्यालयाच्या अहवालात, शेतीविषयक नियतकालिकात, जैवविविधता नोंदवहीत किंवा वर्तमानपत्रात. त्यानंतर तो ज्ञानकोशात संदर्भासह येऊ शकतो. जीवामृत कसे करायचे, अशी कृतीही विकिपीडियाच्या लेखात बसत नाही, कारण ती मार्गदर्शक पुस्तिका झाली. त्यासाठी विकिबुक्स हा भाऊबंद प्रकल्प आहे. जीवामृत म्हणजे काय, ते कोणी प्रसिद्ध केले, त्यावर कोणते प्रयोग झाले, हे मात्र लेखात येते. सुभाष पाळेकर आपली पद्धत सेंद्रिय शेतीहून वेगळी मानतात. त्यामुळे 'नैसर्गिक शेती' आणि 'सेंद्रिय शेती' हे लेखही वेगळे ठेवायला हवेत.

तुम्ही काय करू शकता?

ठाणे, कल्याण, डोंबिवली या शहरांत वाचणारे, लिहिणारे, निवृत्त शिक्षक, कॉलेजचे विद्यार्थी भरपूर आहेत, आणि लोकलने तासाभरावर शेते आहेत. एवढ्या जवळ दोन्ही असणे ही मोठी सोय आहे.

फोटोपासून सुरुवात करणे सर्वांत सोपे. भाताची लावणी, गिरिपुष्पाचे कुंपण, गांडूळखताचा वाफा यांचे स्वतः काढलेले फोटो विकिमीडिया कॉमन्सवर मुक्त परवान्याने चढवता येतात. शेतात माणूस असेल, तर त्याची परवानगी घ्यावी.

त्यानंतर लहान दुरुस्त्या कराव्यात. एखाद्या लेखातल्या विधानाला संदर्भ जोडणे, जुना नियम बदलला असेल तर तो सुधारणे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची प्रकाशने यासाठी उपयोगी पडतात. मात्र कृषी खात्याच्या पुस्तिकेतला मजकूर जसाच्या तसा चिकटवू नये. त्यावर प्रताधिकार असतो. वाचून, समजून, आपल्या शब्दांत लिहावे.

आणि स्वतः सेंद्रिय माल विकत असाल, तर आपल्या कंपनीबद्दल किंवा गटाबद्दल लिहू नका. विषयाबद्दल लिहा, आणि आपला व्यवसाय काय हे सदस्य पानावर सांगून टाका.

ज्ञानकोश वाचून कोणाचे पीक वाढत नाही. बाजारभाव, साठवण, मुंबईपर्यंतची वाहतूक हे प्रश्न त्याने सुटत नाहीत. ज्या शेतकऱ्याच्या फोनला पुरेशी रेंज नाही, त्याच्यापर्यंत तो पोहोचतही नाही. तो एवढेच करू शकतो: पुढच्या वेळी कोणी 'हे सेंद्रिय आहे' म्हणाले, की घेणाऱ्याला नेमका प्रश्न विचारता यावा. प्रमाणपत्र आहे का, की थेट शेतातून आणले? रासायनिक खत बंद करून किती वर्षे झाली? पाणी कुठले? खरा शेतकरी या प्रश्नांची उत्तरे आनंदाने देतो.