उपासनेतला आवाज

जुन्या दगडी चर्चमध्ये आवाज आधीच घुमतो; त्यात मिक्सरवर इको वाढवला की ना. वा. टिळकांच्या भजनातले शब्दच हरवतात. तेव्हा पहिलं काम, इको बंद. लांबलचक सभागृहात मागेही स्पीकर असतील तर थोडं गणित करावं लागतं. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणून पुढच्या स्पीकरपासून २० मीटरवर लावलेल्या स्पीकरला सुमारे ५८ मिलिसेकंदांचा उशीर द्यायचा. नाहीतर मागच्या बाकांवर शब्द दुहेरी ऐकू येतात. लहान चर्चमध्ये तबल्याला माईक बहुधा लागतच नाही. पेटीचा माईक भात्यापासून दूर ठेवावा, फुसफुस येत नाही. आणि मंडळी गाऊ लागली की गायकवृंदाचा आवाज खाली आणायचा. नेमकं हेच हमखास राहून जातं.