क्लिनिकल पोस्टिंगची भीती आणि महाडच्या विंचूदंशाचा धडा

एएनएम, जीएनएम असो की बीएस्सी नर्सिंग, वर्गातल्या शिक्षणाबरोबर विद्यार्थ्यांना रुग्णालयात आणि आरोग्य केंद्रात प्रत्यक्ष काम करावे लागते. यालाच क्लिनिकल पोस्टिंग म्हणतात. पहिल्या पोस्टिंगमध्ये अनेकजणी गोंधळतात. वॉर्डात सगळे घाईत असतात, आपली अडचणच होते आहे असे वाटते आणि चूक झाली तर रुग्णाचे काय, ही धास्ती असते. मग ‘आपण फक्त नाडी आणि बीपी लिहितो, यात शिकण्यासारखे काय?’ असाही प्रश्न पडतो. त्याचे उत्तर रायगड जिल्ह्यातल्या महाडमध्ये सापडते.

महाडमध्ये काय घडले?

महाड-पोलादपूर परिसरात लाल विंचवाचा दंश अनेकदा जीवघेणा ठरायचा. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडी आरोग्य केंद्रात रुजू झाले. दंश झालेल्या रुग्णांच्या उशाशी बसून ते नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारवा यांची नोंद ठेवत. या विषामुळे हृदयावर ताण येतो आणि फुफ्फुसात पाणी साचते, हे त्या नोंदींतून स्पष्ट होत गेले. त्यांचे निरीक्षण १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग सिद्ध झाला आणि एकेकाळी सुमारे ४० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

वॉर्डात काय पाहायचे?

औषध कोणते द्यायचे, हे डॉक्टर ठरवतात. रुग्णावर लक्ष मात्र परिचारिकेचे असते. बावस्करांच्या उपचारपद्धतीत नाडी, रक्तदाब आणि श्वास पहिले ३ तास दर अर्ध्या तासाने, पुढचे ६ तास दर तासाने तपासायचे असतात. गार पडलेले हातपाय उबदार होऊ लागले, तर ती सुधारणेची खूण. खोकला, धाप किंवा तोंडाला फेस दिसला, तर तातडीने सांगायला हवे.

प्राझोसिनच्या पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून रुग्णाला आडवेच ठेवतात. रडणारे मूल आई साहजिकच खांद्यावर घेते. ‘ताई, थोडा वेळ त्याला निजूनच राहू द्या’ असे तिला समजावणे हे विद्यार्थिनीलाही जमणारे काम आहे, आणि त्यावर मुलाचा जीव अवलंबून असू शकतो.

भीती आटोक्यात कशी येते?

● कामावर जाताना दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: आज माझ्याकडे कोणते रुग्ण आहेत, आणि काही बदल दिसला तर कोणाला सांगायचे?

● येत नसलेले काम अंदाजाने करू नये. ‘सिस्टर, एकदा दाखवाल का?’ असे विचारण्यात कमीपणा नाही.

● न घेतलेले बीपी कधीही लिहू नये. रिकामी जागा दिसली की कोणीतरी ते मोजते. खोट्या आकड्यावर सगळे विसंबून राहतात.

● ड्युटीनंतर दहा मिनिटे वहीत लिहावे. ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ मध्ये मांडलेले सहा टप्पे इथे कामी येतात: काय घडले, काय वाटले, काय बरे-वाईट झाले, का झाले, आणखी काय करता आले असते, पुढच्या वेळी काय करायचे. रुग्णाचे नाव मात्र लिहू नये.

● रुग्ण दगावला तर ते मनात कोंडून ठेवू नये. शिक्षिकेशी किंवा मैत्रिणीशी बोलावे.

शिक्षकांची बाजू

हे सगळे एकट्या विद्यार्थिनीवर सोडून चालत नाही. प्रत्येकीला प्रश्न विचारता येईल अशी एक ठरलेली सिस्टर हवी. रुग्णासमोर अपमान झालेली मुलगी पुढच्या वेळी विचारत नाही, गप्प बसते. विंचूदंशाच्या रुग्णाला धाप लागत असताना ही गप्प बसण्याची सवय जिवावर बेतू शकते.