गाव राखले, पण गावकरी?

इंग्लंडमधील खेडे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते : चर्चचा मनोरा, हिरवळ, वळणे घेत जाणारा रस्ता आणि जुनी कौलारू घरे. क्रमिक पुस्तकांनी व कादंबऱ्यांनी ते आपल्या मनावर पक्के ठसवले आहे. बकिंगहॅमशायरमधील ग्रेट मिसेंडन हे गाव पाहणाऱ्याला ते चित्र मुळीच खोटे वाटणार नाही. मात्र त्या चित्रात राहणारी माणसे कोण, असा प्रश्न केला की उत्तर तितके सोपे राहत नाही.

लंडनच्या वायव्येस सुमारे ५० किलोमीटरवर, चिल्टर्न टेकड्यांच्या कुशीत हे गाव वसले आहे. बाराव्या शतकात येथे ख्रिस्ती मठ स्थापन झाला. परंतु गावाचे आजचे रूप घडवले ते रेल्वेने. १८९२ मध्ये मेट्रोपॉलिटन रेल्वे येथे पोहोचली. पुढे १९१५ पासून याच कंपनीने आपल्या मार्गालगतच्या मुलखाला ‘मेट्रो-लँड’ असे नाव देऊन शहरात नोकरी व निसर्गात घर, या स्वप्नाची जाहिरात केली. आज पाऊण तासाच्या आत-बाहेर गाडी लंडनच्या मॅरिलबोन स्थानकात पोहोचते. सकाळी गाव रिकामे होते आणि सायंकाळी भरते.

गावात सोयींची वाण नाही. दुकानांची पेठ, शाळा, खेळाचे मैदान, पानगृहे सारे काही आहे. लेखक रोआल्ड डाल १९९० मध्ये निधन होईपर्यंत येथेच राहत होते. त्यांच्या नावाचे संग्रहालय २००५ मध्ये उघडले. १८९४ च्या कायद्याने इंग्लंडमधील खेड्यांना लोकनियुक्त पॅरिश कौन्सिल मिळाली. तिचे अधिकार तुटपुंजे, पण मैदाने, दफनभूमी, भाजीपाल्याचे वाफे यांची निगा ती राखू शकते व त्यासाठी गावकऱ्यांवर अल्पसा करही बसवू शकते. येथील वाचनालय तर स्वयंसेवकांच्या बळावर चालते. हे सारे निःसंशय अनुकरणीय आहे.

मग बोचते ते काय? १९४७ च्या नगररचना कायद्याने बांधकामावर सरकारी परवानगीचे बंधन आले, १९५५ नंतर शहरांभोवतीच्या हरितपट्ट्याचे धोरण देशभर पसरले आणि १९६५ मध्ये चिल्टर्न टेकड्यांना निसर्गसौंदर्याचा प्रदेश म्हणून संरक्षण मिळाले. या निर्बंधांमुळेच लंडन या टेकड्यांवर पसरले नाही, हे त्यांचे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु घरे मोजकी आणि मागणी लंडनच्या पगारांची, तेव्हा किमती कोठे जाणार? परिणामी गावच्या शाळेतील तरुण शिक्षकाला, दुकानातील नोकराला, वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेला तेथे घर घेणे आवाक्याबाहेरचे झाले. गाव ज्यांच्या श्रमांवर चालते, त्यांनाच गाव परके व्हावे, हा कसला जिव्हाळा?

अलीकडच्या अतिजलद रेल्वेने हा पेच अधिकच उघड केला. २०१७ मध्ये पार्लमेंटने मंजूर केलेला हा मार्ग सुमारे १६ किलोमीटरच्या बोगद्यातून येऊन गावानजीक साउथ हीथ येथे भुईवर निघतो. गावासाठी स्थानक मात्र नाही. रहिवाशांनी कडाडून विरोध केला. त्यांना ढोंगी म्हणणे सोपे आहे, कारण त्यांच्यापैकी पुष्कळांना येथे आणले ते रेल्वेनेच. पण ते अन्यायाचे होईल. जुन्या रेल्वेने गावाकडून काही घेतले व त्याला काही दिलेही. नवी केवळ घेते.

तरीही भूदृश्यासाठी जी तळमळ दाखवली गेली, तिचा काही अंश शेजाऱ्याच्या निवाऱ्यासाठी दिसावयास हवा. स्थानिकांना परवडतील अशी घरे एरवी मज्जाव असलेल्या जागीही बांधू देण्याची तरतूद इंग्लंडच्या नियमांत आहे. तिचा मोकळ्या मनाने वापर झाला, तर चार-दोन शेतांचे सौंदर्य उणे होईल खरे. पण शाळेतला शिक्षक संध्याकाळी त्याच गावात आपल्या घरी परतेल. गावपण छपरांच्या उतारात नसते, ते त्या छपरांखाली कोणाला थारा मिळतो यावर ठरते.