हरळी निजते तेव्हा

बाळांनो, तुमच्या आजोबाला गोल्फची काठी कशी धरायची तेही ठाऊक नाही. पण एप्रिलमध्ये टीव्हीवर मास्टर्स स्पर्धा लागली की मी चेंडू सोडून गवत बघत बसतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात ऑगस्टा नॅशनल नावाचं मैदान आहे. आधी तिथे रोपवाटिका होती. बॉबी जोन्स हा खेळाडू आणि अलिस्टर मॅकेंझी हा आखणीकार, या दोघांनी तिथे मैदान उभं केलं. १९३४ साली तिथे पहिली स्पर्धा झाली. एप्रिलमधलं तिथलं गवत पाहून रंग दिलाय की काय असं वाटतं.

पण गंमत ऐका. ते हिरवं गवत मैदानाचं कायमचं गवत नव्हेच! कायमचं त्याच्या खाली असतं. आणि ते कोण, ओळखा पाहू? आपली हरळी! गणपतीला दूर्वा वाहतो ना, तीच. तिकडे तिला बर्म्युडा गवत म्हणतात आणि मैदानावर तिच्या कुळातल्या निवडक जाती लावतात, एवढंच. आपला शेतकरी जिला खणून खणून टेकीला येतो, तिची तिकडे केवढी बडदास्त!

हरळी उन्हाची लेक. पान हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून साखर करतं. पण तो पकडणारं प्रथिन जरा वेंधळं आहे. ऊन तापलं की ते चुकून ऑक्सिजनच पकडतं आणि मेहनत वाया जाते. हरळीने यावर तोड काढलीय. तिच्या पानातल्या शिरेभोवती पेशींचं एक कडं असतं. बाहेरच्या पेशी कार्बन डायऑक्साइड गोळा करून त्या कड्यात कोंबत राहतात. तिथे त्याची इतकी दाटी होते की वेंधळ्याला चुकायला वावच उरत नाही. ऊस, ज्वारी, मका यांचीही हीच युक्ती. थंडीत मात्र हा कारखाना मंदावतो. दहिवर गोठलं की हरळी तपकिरी पडते. मेली असं वाटतं, पण जमिनीखालच्या खोडांत तिने पिठूळ साठा करून ठेवलेला असतो. ती नुसती निजलेली असते.

मग मैदान हिरवं कोण ठेवणार? रायग्रास. ते गार हवेतलं गवत. आपण खरीप काढून रब्बी पेरतो ना, तसंच. फक्त इथे खालचं पीक न काढता त्याच्याच अंगावर दुसरं पेरतात.

हे काम शरदातलं, सप्टेंबरच्या सुमाराचं. तेव्हा हवा गार होऊ लागते, पण माती उन्हाळ्याची ऊब धरून असते. जमीन २२-२३ अंशांवर आली की पेरायचं. त्याआधी पेरलं तर जागी असलेली हरळी कोवळ्या रोपांना दाबून टाकते. उशीर झाला तर बी थंडीत नुसतं पडून राहतं. हरळी आधी बुडाजवळ कापतात आणि उभ्या पात्यांच्या यंत्राने तिच्यात चिरा पाडतात, कारण बी मातीला टेकलं पाहिजे. वरच्या जाळीत अडकलं की वाळलंच. गव्हाला एकरी ४०-५० किलो बियाणं पुरतं. इथे १०० किलोंच्या वर लागतं, आणि किलोत सुमारे ५ लाख बिया! मग दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं पाणी. मोड आलेलं बी एका दुपारच्या उन्हातही सुकतं. आठवड्याभरात जमिनीवर हिरवी लव चढते. पान उलटून पाहिलं तर पाठ तुकतुकीत, तेल लावल्यासारखी.

पहिली कापणी जोखमीची. पातं बोथट असेल किंवा जमीन ओली असेल तर रोप कापलं न जाता मुळासकट उपटून येतं. नीट कापलं तर मात्र बिघडत नाही, उलट फुटवे येतात. कारण गवताचा वाढीचा कोंब शेंड्याला नसून बुडाशी असतो. म्हणून तर गाईने खाल्लेलं कुरणही पुन्हा वाढतं.

हां, झेंड्याजवळची ग्रीन यातली नव्हे. तिथे १९८१ पासून बेंटग्रास नावाचं वेगळं, तंतूसारखं गवत आहे.

खरी कटकट वसंत सरताना. हरळी डोळे उघडते, पण वर रायग्रासची सावली, आणि हरळीला सावलीचं वावडं. रायग्रास आपण होऊन हलत नाही. मग ते आखूड कापायचं, पाणी तोडायचं, आणि उरलेलं काम उन्हावर सोपवायचं. जॉर्जियाचा उन्हाळा त्याला सोसत नाही.

त्याचं बी का पडत नाही, विचारता? आठवडाभरही न थांबता कापत राहिलं तर फुलोरा येणार कुठून! म्हणून पुढच्या सप्टेंबरात पोती पुन्हा विकतच आणावी लागतात.